देवलांच्या नावाचं शाळेतलं सभागृह: कार्यक्रम, आवाज, बुकिंग आणि ती तालमीची खोली

सांगलीत नाटकगृहाला नाटकवाल्याचं नाव असणं यात नवीन काही नाही. विष्णुदास भावे नाट्यमंदिर आहे, दीनानाथ नाट्यगृह आहे, पलीकडं मिरजेत बालगंधर्व आहेत. पण शाळेच्या सभागृहाला गोविंद बल्लाळ देवलांचं नाव दिलंय हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला, कारण त्यांचं जन्मगाव हरिपूर सांगलीला अगदी चिकटून असूनसुद्धा आपल्याकडं देवल म्हटलं की शारदा नाटक, त्यातली एकदोन पदं आणि विषय संपला, एवढंच होतं. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं काही तक्रारीपण आहेत आणि त्या मी शाळेच्या ऑफिसात लिहून दिलेल्या आहेत. हा रिव्ह्यू ज्यांना मुलांच्या नाटकासाठी, गाण्याच्या कार्यक्रमासाठी किंवा नुसत्या तालमीसाठी जागा पाहिजे त्यांच्यासाठी आहे. मी स्वतः मुलांचा नाटकाचा ग्रुप चालवतो, त्यामुळं उद्घाटनाचा कार्यक्रम प्रेक्षकात बसून बघितला आणि नंतर तीच जागा आमच्या मुलांसाठी भाड्यानंही घेतली, दोन्ही बाजूंनी लिहितोय.

माझ्याकडनं पाचपैकी चार स्टार. ते चार कुठनं आले आणि एक का गेला ते सांगतो.

आधी सभागृह. साधारण चारशे खुर्च्या असतील, बाल्कनी नाही, उतार चांगला दिलाय त्यामुळं पुढच्याच्या डोक्यामुळं काही अडत नाही, लहान मुलं मागच्या रांगेत बसली तरी त्यांना स्टेज दिसतं. खुर्च्या मऊ आहेत पण दोन रांगांच्या मधे जागा कमी, मधल्या माणसाला बाहेर जायचं झालं की अख्खी रांग उठते. स्टेज लाकडी आहे आणि याबद्दल शाळेला शंभर मार्क, नाहीतर हल्ली सगळीकडं फरशीवर नुसतं कार्पेट टाकतात आणि नाचणाऱ्या पोरांचे गुडघे जातात. विंगा खोल आहेत, प्रवेशाच्या आधी पाचसहा मुलं आत उभी राहिली तरी प्रेक्षकांना दिसत नाहीत. दर्शनी पडदा हातानं ओढायचा आहे, मोटर नाही, आणि मला तेच आवडलं, पडदा ओढणारा मुलगा नाटकाची लय शिकतो. रंगपट, म्हणजे मेकअपच्या खोल्या, दोन आहेत, मुलींचा आणि मुलांचा वेगळा, आरशावर बल्ब, साडी लावायला दांडी, आत स्वच्छ बाथरूम. बाहेरगावी मुलांना घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा, या शेवटच्या गोष्टीची किंमत काय असते ते.

आवाजाचं मात्र अर्धं काम झालंय. भिंतींना लाकडी पट्ट्या लावल्यात त्यामुळं घुमत नाही, माईकशिवाय बोललेलं मधल्या रांगांपर्यंत स्वच्छ येतं. पण दोन्ही बाजूचे मोठे फॅन चालू केले की मागच्या रांगांना शब्द तुटक ऐकू येतात. उद्घाटनाच्या दिवशी हेच झालं. भाषणं चालू असताना फॅन चालू होते, माईक होता, चाललं. नाटुकली सुरू झाली आणि मुलांच्या छातीवर माईक नव्हते (नव्हते ते बरंच झालं) तेव्हा मागनं "आवाज, आवाज" सुरू झालं. शेवटी लाईटच्या मामांनी स्वतःच्या डोक्यानं फॅन बंद केले आणि सगळा हॉल गप्प झाला. मामांचे आभार. शाळेनं हे लिहूनच ठेवावं, प्रयोग चालू असताना बाजूचे फॅन बंद, आणि त्या बदल्यात मागं दोन एक्झॉस्ट वाढवावेत. सांगलीचा एप्रिल-मे माहितीय ना.

आता कार्यक्रम. 13 नोव्हेंबरला ठेवला होता. 5 नोव्हेंबरला सांगलीत रंगभूमी दिन असतो, 1843 साली भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारात सीतास्वयंवर केलं त्याची आठवण, त्या दिवशी भावे गौरव पदक देतात, गावात गर्दी असते. शाळेनं त्यातच आपला कार्यक्रम घुसवला नाही, आठ दिवस थांबून 13 तारीख धरली कारण ती देवलांची जन्मतारीख. 1855 चा जन्म, हरिपूरचा. ज्या माणसाचं नाव भिंतीवर लावायचं त्याचा दिवस त्यालाच द्यायचा, हा विचार ज्यांना कुणाला सुचला त्यांचं खरंच कौतुक.

सुरुवात मात्र लांबली. पाहुणे, शाल, नारळ, रोप, परत शाल. एका पाहुण्यांनी सांगितलं की मुलींच्या लग्नाच्या वयाचा जो शारदा कायदा आला तो देवलांच्या नाटकावरनं आला, आणि हॉलमधे टाळ्या. हे मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय म्हणून इथं लिहितोच, कारण मुलं समोर बसलेली होती आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तो 1929 चा कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो, त्यांनी ते बिल मांडलं होतं, त्यात मुलीचं वय 14 आणि मुलाचं 18 धरलं होतं. देवलांचं शारदा आलं 1899 ला, म्हणजे कायद्याच्या तीस वर्षं आधी. पैसे घेऊन कोवळी पोरगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायची हे ज्या काळात घरोघरी गुपचूप चालत होतं त्या काळात या माणसानं ते स्टेजवर आणून सगळ्या गावापुढं मांडलं, लोकांना आधी हसवलं आणि मग गप्प केलं. एवढं मोठं काम असताना कायदा त्यांच्या खात्यावर टाकायची गरजच काय. देवलांचा मोठेपणा आहे तेवढाच सांगितला तरी पुरून उरतो.

भाषणं संपल्यावर मुलांनी शारदातले दोन प्रवेश केले आणि मग संशयकल्लोळमधला एक तुकडा. इथनं संध्याकाळ वर चढली.

शारदामधे भुजंगनाथ आहे, पाऊणशे वयाचा नवरदेव, भद्रेश्वर दीक्षित हा लग्न जुळवणारा, कांचनभट हा पैशाला चटावलेला बाप, आणि इंदिराकाकू ही आई. आठवीतल्या मुलामुलींनी केलं. भुजंगनाथ करणाऱ्या पोरानं उगाच कंबर वाकवून, खोकून म्हातारा केला नाही, ताठच उभा राहिला आणि फक्त बसताना खुर्चीचा हात आधी चाचपला, मग हळू बसला. बस, एवढंच. आख्खा म्हातारा त्यात दिसला. हे कुणीतरी शिकवल्याशिवाय येत नाही, तेराचौदा वर्षाच्या पोराला स्वतःहून नाही सुचत हे. मूर्तिमंत भीती उभी हे पद शारदा करणाऱ्या मुलीनं माईकशिवाय म्हटलं, सूर दोन ठिकाणी खाली गेला, पण शब्द एकही गेला नाही. देवलांच्या पदाला तेच पाहिजे असतं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची पदं घरात बोलतो तशा मराठीत आहेत, आजीला कळतात, नातीला कळतात. त्यात ताना घालून शब्द बुडवले की पद चांगलं झालं असं वाटतं पण नाटक तिथंच थांबतं.

एक गोष्ट खटकली ती म्हणजे प्रवेश निवडताना लग्न मोडण्याचा भाग घेतलाच नाही. नाटकात ते लग्न मोडतं ते कुणाला दया आली म्हणून नाही, तर वधूवर सगोत्र निघतात म्हणून. आणि तेवढ्यानंही पोरगी सुटत नाही, अर्धवट लग्न लागलेल्या पोरीचं पुढं काय हा प्रश्न उरतोच, ती जीव द्यायला जाते, कोदंड नावाचा तरुण तिला वाचवतो, शेवटी शंकराचार्यांची परवानगी येते तेव्हा कुठं मार्ग निघतो. म्हणजे देवलांनी शास्त्राच्याच तोंडनं शास्त्राला उत्तर द्यायला लावलंय, त्या काळच्या प्रेक्षकाला त्याच्याच अंगणात जाऊन पटवलंय. मुलांना हे समजेल अशा भाषेत दहा मिनिटात सांगता आलं असतं. आज मुलीचं वय 18 आहे, तरी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतनं काय होतं हे सांगली-साताऱ्यात शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा. म्हणून हा विषय जुना झालाय असं समजून कापू नये.

संशयकल्लोळच्या तुकड्यात मजा आली. त्यात पुरुषांची नावं महिन्यांवरनं आणि बायकांची नक्षत्रांवरनं आहेत, फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, तिकडं कृत्तिका, रेवती. निवेदन करणाऱ्या मुलीनं हे सांगितल्यावर समोरची पाचवीची पोरं बोटावर महिने मोजायला लागली आणि कुठला महिना राहिला त्यावर भांडायला लागली. मुलांना नाटकात ओढायला यापेक्षा सोपा रस्ता नाही. याच नाटकाबद्दल निवेदनात आणखी एक गोष्ट आली ती ऐकून माझ्या शेजारी बसलेल्या आजी एकदम "अगं बाई" म्हणाल्या. हे नाटक आधी 1893 च्या सुमाराला पदांशिवाय लिहिलेलं होतं, पदं घालून गंधर्व नाटक मंडळीनं ते केलं 1916 ला, आणि त्याच वर्षी जूनमधे देवल गेले. आज शंभर वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्र ज्या संगीत नाटकावर हसतोय त्याचा प्रयोग त्यांना बघायला मिळाला नाही.

लॉबीबद्दल. शिरल्या शिरल्या देवलांचा मोठा फोटो आहे, खाली समई, बाजूला पाच माहितीफलक. छपाई सुंदर, अक्षर मोठं, मुलांच्या उंचीला लावलेत. पण एका फलकावर लिहिलंय की देवलांनी सात स्वतंत्र नाटकं लिहिली. हे बदलायला पाहिजे. सात नाटकं हे बरोबर, पण त्यातलं स्वतंत्र एकच, शारदा. बाकीची दुसऱ्या भाषांतनं आलेली आहेत. मृच्छकटिक शूद्रकाचं, विक्रमोर्वशीय कालिदासाचं, शापसंभ्रम बाणाच्या कादंबरीवरनं, झुंझारराव म्हणजे शेक्सपियरचा ऑथेल्लो, दुर्गा इंग्रजी नाटकावरनं, आणि संशयकल्लोळचं मूळ इंग्रजीतनं पार फ्रान्सच्या मोलिएरपर्यंत जातं. शाळेतल्या एका सरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, अहो पण भाषांतर लिहिलं तर मुलांना कमी वाटेल. मला हे अजिबात पटलं नाही. फाल्गुनराव परका वाटतो का कुणाला? कृत्तिका आपल्या गल्लीतलीच वाटते की नाही? फ्रान्समधल्या नवराबायकोचा संशय इतका मराठी करून टाकायचा की लोकांना मूळ शोधायची आठवणही होऊ नये, हे काम कमी आहे होय? उलट मुलांना हेच सांगा, की चांगली गोष्ट कुठलीही असो, ती आपल्या माणसांच्या तोंडात बसवता आली पाहिजे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकणाऱ्या आजच्या मुलांना देवलांकडनं घेण्यासारखी यापेक्षा मोठी गोष्ट मला तरी दिसत नाही. सरांनी फलक बदलतो म्हणून सांगितलंय, बदलला की इथं लिहीन.

दुसरी कमतरता, हरिपूर कुठंच नाही. जन्मगाव म्हणून एक शब्द आहे, संपलं. अहो, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, चिंचेच्या झाडांचा तो रस्ता, जमिनीतली हळदीची पेवं, हे सगळं शाळेपासनं सायकलवर जाण्याएवढं जवळ आहे. शारदा तिथल्या पारावर बसून लिहिलं असं हरिपुरात आजही सांगतात. एक फलक आणि वर्षाला पाचवीची एक सहल, एवढं जरी केलं तरी मुलांना कळेल की पुस्तकातला माणूस आपल्याच नदीच्या काठचा आहे, आपल्यासारखंच पाणी प्यायलेला आहे.

आता मी ज्यासाठी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला बसलो ते. स्टेजच्या मागं, रंगपट सोडून पुढं गेलं की डाव्या हाताला तालमीची खोली आहे. उद्घाटनात तिचा कुणी उल्लेखही केला नाही, पाहुण्यांना दाखवलीपण नाही. वर्गाच्या दीडपट असेल, एका बाजूला लाकडी पायऱ्या आहेत, जमिनीवर खऱ्या स्टेजच्याच मापाच्या पट्ट्या रंगवल्यात, विंग कुठं, पडदा कुठं, सगळं आखलेलं. कोपऱ्यात पायपेटी, तबल्याचा जोड, आणि एका कपाटात मुलांच्या नक्कलवह्या, म्हणजे संवाद उतरवून घ्यायच्या वह्या, प्रत्येकीवर नाव आणि भूमिका. आमच्या मुलांना घेऊन गेलो तेव्हा शाळेच्या मुलांची तालीम संपायची होती, तालीम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या बसा की आत, आणि मी बसून राहिलो.

इंदिराकाकू करणारी मुलगी पट्ट्यांमधे उभी होती. मॅडम तिच्यासमोर नव्हत्या, खिडकीपाशी पाठ करून उभ्या होत्या, बघत नव्हत्या, फक्त ऐकत होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर शाळेच्या सफाईच्या मावशी बसलेल्या, काम संपवून, पदरानं वारा घेत. मुलीनं वाक्य म्हटलं. मॅडमनी वळून मुलीला काहीच सांगितलं नाही, वर बघून विचारलं, "मावशी, आलं का ऐकू?"

मावशी म्हणाल्या, "आलं की. पण शेवटचा शब्द गिळला पोरीनं."

"कुठला गं गिळलास?" मॅडमनी मुलीला विचारलं. मुलीला कळेना. परत म्हणायला लावलं. परत मावशीला विचारलं. मावशी म्हणाल्या, "आता शब्द आला, पण राग गेला तिचा." तिसऱ्या वेळेला मुलगी थोडी थांबली, श्वास घेतला, आणि वाक्य मावशीकडं बघून सरळ त्यांनाच म्हटलं. मावशी पदर सावरून नीट बसल्या. मॅडमनी फक्त "हं, पुढं" म्हटलं आणि तालीम पुढं गेली.

ज्यांनी देवलांबद्दल थोडंफार वाचलंय त्यांना हे बघून काय वाटेल ते मला माहितीय. देवल नाटककार होते तेवढेच तालीममास्तर होते. बेळगावात शिकले, तिथंच मास्तरकी केली, तिथंच अण्णासाहेब किर्लोस्करांशी संबंध आला, आणि 1880 ला किर्लोस्करांनी शाकुंतल उभं केलं तेव्हापासनं हा माणूस संगीत नाटकाच्या घडणीत आहे. नटाला वाक्य कसं म्हणायचं, कुठं थांबायचं, पद गाताना अर्थ कसा सोडायचा नाही, हे बसून घोटून घ्यायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. किर्लोस्कर मंडळीत 1905 ला नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा आला, आपल्या पलूसजवळच्या नागठाण्याशी नातं असलेला, म्हणजे बालगंधर्व, त्यांनाही देवलांची तालीम मिळाली. पुढं त्याच बालगंधर्वांनी देवलांची शारदा केली, मृच्छकटिकातली वसंतसेना केली, संशयकल्लोळमधली रेवती केली. लोकांना बालगंधर्वांचा शालू आठवतो, गळा आठवतो, आणि त्यांच्या तोंडातलं वाक्य घासूनपुसून देणारा माणूस फोटोत मागं राहतो. तालीममास्तरचं कामच तसं असतं, प्रयोगाच्या दिवशी तो विंगेत असतो.

म्हणून मला असं वाटतं की या शाळेत देवलांचा सन्मान लॉबीत नाही होत, तो या मागच्या खोलीत होतो, रोज संध्याकाळी, हार नसताना. आणि शाळेलाच ते पुरतं कळलेलं नाही. दारावर अजून "रूम नं. 14" अशी पाटी आहे. सभागृहाला देवलांचं नाव दिलंत ते चांगलंच केलंत, पण या खोलीच्या दारावर "देवल तालीमघर" अशी पाटी लावा आणि पुढच्या 13 नोव्हेंबरला पाहुण्यांना पहिल्यांदा इकडं आणा. मावशींना पहिल्या रांगेत बसवा. हे मी ऑफिसात लिहून दिलंय, इथंही लिहितो.

आमच्या मुलांच्या तालमीचा अनुभव सांगतो. खोली आणि स्टेज वेगवेगळं भाड्यानं मिळतं, हे फार सोयीचं आहे, कारण लहान ग्रुपला महिनाभर स्टेज परवडत नाही. खोलीत पट्ट्या स्टेजच्याच मापाच्या असल्यामुळं प्रयोगाच्या दिवशी मुलं गोंधळली नाहीत, कुणीही विंगेत धडकलं नाही, दोन पावलं कमी पडली असं झालं नाही. ज्यांनी हॉलच्या गच्चीवर किंवा कुणाच्या तरी पार्किंगमधे तालीम करून थेट मोठ्या स्टेजवर मुलं नेलीत त्यांना हा फरक कळेल. शाळांना आणि मुलांच्या ग्रुपला भाड्यात सवलत आहे, सकाळचं सत्र स्वस्त, संध्याकाळचं महाग. लाईट भाड्यात धरलेत, साऊंड वेगळा. लाईटचे मामा अनुभवी आहेत, मुलांशी प्रेमानं बोलतात, "बाळा, उजेडात ये की, अंधारात कुणासाठी नाटक करतोस" असं म्हणून त्यांनी आमच्या एका लाजऱ्या मुलाला दोन पावलं पुढं आणलं आणि तो नंतर जागा चुकलाच नाही.

तक्रारी, म्हणजे तो गेलेला एक स्टार. बुकिंगचं ऑफिस फक्त शाळेच्या वेळेत उघडं, फोन उचलला जात नाही, व्हॉट्सअपवर निळ्या खुणा येतात उत्तर येत नाही. आम्हाला एक तारीख तोंडी दिली आणि नंतर तीच दुसऱ्यांच्या लग्नाच्या संगीताला दिली, पैसे परत मिळाले, दिलगिरीपण व्यक्त केली, पण मुलांचा प्रयोग पुढं ढकलावा लागला, आणि पालकांना परत सुट्ट्या टाकाव्या लागल्या. मुलांच्या नाटकासाठी बांधलेल्या जागेत मुलांची तारीख सगळ्यात आधी पक्की झाली पाहिजे, लग्नाचं संगीत कुठल्याही लॉनवर होतं. शाळेला खर्च भागवायचाय हे मला समजतं, वीजबिल आहे, माणसांचे पगार आहेत, म्हणून लग्नाला देऊच नका असं मी म्हणत नाही. पण महिन्यातले ठरावीक शनिवार-रविवार फक्त नाटक-गाण्यासाठी राखून ठेवा आणि ते गेटवर लावा. दुसरं म्हणजे त्या संगीतवाल्यांनी स्टेजच्या लाकडात खिळे ठोकून मंडप बांधलेला, खिळे काढले पण भोकं राहिली, अनवाणी नाचणाऱ्या मुलींच्या पायाला लागतात. खिळ्याला बंदी आणि मोडलं तर डिपॉझिट जप्त, एवढा नियम पाहिजेच. पार्किंग दुचाकीला भरपूर, चारचाकी बाहेर रस्त्यावर लावायला लागते. जिना टाळून व्हीलचेअर नेता येईल असा उतार पुढच्या दाराला आहे पण स्टेजवर जायला नाही, एखादं व्हीलचेअरवरचं मूल नाटकात काम करणार असेल तर त्याला उचलून न्यावं लागतं, हे लवकर सुधारा.

मध्यंतरात कॅन्टीनला चहा आणि भडंग मिळतं, भडंग ताजं असतं, लसणाचं पाहिजे तर आधी सांगा, लगेच संपतं. खायचं आत न्यायचं नाही हा नियम ते खरंच पाळतात, दारातला शिपाई मोठ्या माणसांनासुद्धा थांबवतो. आवडलं.

ज्यांना बुकिंग करायचंय त्यांनी फोनच्या नादी लागू नका, सकाळी अकराच्या आत ऑफिसात स्वतः जा, तारीख रजिस्टरमधे लिहून घ्या आणि पावती हातात आल्याशिवाय कुणाला निरोप देऊ नका. नुसती तालमीची खोली पाहिजे असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी सहज मिळते, पायपेटी वापरायची असेल तर अर्जात तसं लिहावं लागतं. आणि प्रयोग असेल तर आदल्या दिवशी मामांना भेटून फॅनचं तेवढं बोलून ठेवा.